सोय कोणी केली?

पुण्यात रिक्षावाल्याला ‘कँप’ म्हणून सांगितलं की तो आपल्याला महात्मा गांधी रस्त्यावर नेऊन सोडतो. तिथे तंबू नाही आणि शेकोटीही नाही. बेकऱ्या, कापडाची दुकानं आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी! पेशवाई बुडाल्यावर इंग्रजी फौजेने शहराबाहेर तळ टाकला, तो काही उठला नाही. हळूहळू बंगले झाले, बागा झाल्या, बाजार आला, आणि नाव मात्र ‘कँप’च राहिलं. चार दिवसांचा म्हणून टाकलेला तळ आरामशीर होत होत कायमचा कसा होतो, याचं हे उदाहरण आपल्या रोजच्या वाटेवरच आहे.

मी शाळेत इतिहास शिकवला आणि जोडीला बरीच वर्षं गाइड कॅप्टन म्हणून मुलींना शिबिरांना नेलं. त्यामुळे निवृत्तीनंतरही ओळखीचे आईबाप एक प्रश्न हमखास विचारतात, “बाई, शिबिर कसं असावं? तुमच्या वेळेसारखं खडतर, की आत्तासारखं सगळ्या सोयींचं?” विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. आजोबा असले तर “आमच्या वेळी काय हाल काढले” हे ऐकायचं असतं, आणि आई असली तर “हल्ली पाणी गाळलेलं असतं ना?” हे. मला वाटतं, हा प्रश्नच थोडा वेगळा विचारायला हवा. शिबिरात सोय होती की गैरसोय, यापेक्षा ती सोय कोणी केली, हे विचारावं. इतिहासात डोकावलं की हे जास्त स्पष्ट दिसतं.

शिवकालातलं एक पत्र मी दरवर्षी वर्गात सांगत असे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं. त्यात लढाईचा थाटमाट नाही. पावसाळ्याच्या मुक्कामासाठी ठेवलेलं धान्य आणि वैरण जपून वापरा, आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, असं बजावलेलं आहे. मग तुम्ही कुणब्यांच्या दारात जाल, त्यांचं धान्य, लाकूड, भाजीपाला ओढून आणाल, आणि लोकांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे विस्तवाची ताकीद आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. इतकी बारीक नजर! मुलींना उंदराची गोष्ट फार आवडायची. मी त्यांना विचारायची, “या पत्रातलं मुख्य वाक्य कोणतं?” कोणी आगीचं म्हणे, कोणी घोड्यांचं. माझ्या मते पत्राचं मर्म एकच आहे : आपल्या छावणीची सोय दुसऱ्याच्या घरातून ओढून आणायची नाही.

याच्या उलट चित्र पानिपतच्या मोहिमेत दिसतं. फौजेबरोबर बुणगे, यात्रेकरू, बायकामुलं असा केवढा तरी लोंढा निघाला होता. लढणाऱ्यांपेक्षा पोसायची तोंडंच जास्त. १७६१ च्या जानेवारीत त्या तळाची उपासमार झाली, ती आपण सगळेच वाचत आलो आहोत. पराभवाची कारणं अनेक आहेत, त्यात आत्ता शिरत नाही. पण सोय करणारी माणसं बरोबर घेतली की त्या माणसांचीही सोय करावी लागते, हा हिशेब तिथे चुकता झाला.

इंग्रजांच्या राज्यात हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने बसवला गेला. हिवाळ्यात कलेक्टरसाहेब दौऱ्यावर निघाले की तंबूंचे दोन संच असत. साहेब एका तंबूत झोपलेले असताना दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामी रवाना व्हायचा. सकाळी साहेब घोड्यावरून तिथे पोहोचायचे तेव्हा तंबू उभा, सतरंजी अंथरलेली आणि चहा तयार. खानसामा, भिस्ती, मोतद्दार, गवत कापणारा, प्रत्येक कामाला एक माणूस. साहेब आपल्या घरी पत्रात ‘रानात राहतो आहे’ असं लिहीत असतील आणि ते खोटंही नव्हतं. फक्त रानातलं राहणं साहेबांच्या वाट्याला आणि रानातलं काम दुसऱ्यांच्या वाट्याला अशी वाटणी होती.

स्काउटिंगचे जनक बेडन पॉवेल याच लष्करातले. १८७६ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते तेराव्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीतून हिंदुस्थानात आले, लखनौला राहिले. पुढे १८९७ मध्ये मीरतला पाचव्या ड्रॅगून गार्ड्स पलटणीचे प्रमुख म्हणून आले, आणि तिथे त्यांनी शिपायांना टेहळणीचं खास शिक्षण द्यायला सुरुवात केली. माग काढणं, एकट्याने किंवा दोघादोघांनी जाणं, आपलं जेवण आपण रांधणं, हे सगळं त्यात आलं. म्हणजे ज्या चळवळीला आपण विलायती म्हणतो तिचं एक मूळ आपल्याच मातीत आहे.

१ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला ब्राउनसी नावाच्या बेटावर त्यांनी वीसेक मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. त्यात काही मुलं ईटनसारख्या बड्या शाळांतली आणि काही साध्या कष्टकऱ्यांच्या घरची होती. इंग्लंडात त्या काळी ही मुलं एका पंगतीला बसणं म्हणजे मोठी गोष्ट. त्यांना मिसळून चार संघ पाडले : लांडगे, बैल, कावळे आणि कर्ल्यू नावाचे पाणपक्षी. फी किती होती बघा. श्रीमंत शाळेतल्या मुलाला एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग. गावातल्या साध्या मुलाला साडेतीन शिलिंग. तंबू मात्र दोघांना एकच. हे दोन आकडे लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

दुसऱ्या वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक आलं. शिबिर म्हणजे मुद्दाम हाल काढायचे, असा आपल्याकडे एक समज आहे. बेडन पॉवेल यांना तो अजिबात मान्य नव्हता. ‘आम्ही कसे हाल काढले’ हे मिरवणारा माणूस नवशिका समजावा आणि रानात मुरलेला माणूस मात्र नाना युक्त्या करून तिथेही आरामात राहतो, असं त्यांचं मत होतं. गवताची गादी विणायला काठ्यांचा आणि दोरीचा माग कसा करायचा, हे त्यांनी त्या पुस्तकात शिकवलं आहे. म्हणजे माणूस आरामात झोपावा असंच त्यांना वाटत होतं. फक्त ती गादी त्याने स्वतः विणावी!

आता गंमत पाहा. हे सांगणाऱ्या चळवळीलाही सोयीचा मोह सुटला नाही. १९२० मध्ये लंडनला पहिली जागतिक जांबोरी भरली, ती ऑलिंपिया नावाच्या, काचेचं छप्पर असलेल्या अवाढव्य इमारतीत. आत माती आणून पसरली, तिच्यावर तंबू ठोकले. हजारो मुलांचा खरा मुक्काम मात्र रिचमंडच्या मैदानात होता, आणि तिथे एका रात्री थेम्स नदीचं पाणी शिरलं, मुलांना हलवावं लागलं. छपराखाली प्रदर्शन आणि उघड्यावर पूर, दोन्ही एकाच जांबोरीत! १९२९ च्या ॲरो पार्कच्या जांबोरीत हजारो मुलं होती आणि पावसाने नुसता चिखल झाला होता. त्याच जांबोरीत जगभरच्या स्काउटांनी पै-पैसा जमवून आपल्या म्हाताऱ्या संस्थापकाला भेट दिली. कसली? रोल्स रॉइस गाडी आणि तिच्यामागे जोडायचं एक चाकावरचं घर! बेडन पॉवेल तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. मी आज त्याच वयाची आहे, तेव्हा मी त्यांना हसणार नाही. सतरंजीवरून उठताना गुडघे काय म्हणतात हे मला ठाऊक आहे.

आपल्याकडे स्काउटिंग १९०९ मध्ये बंगळूरला सुरू झालं, पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतंच. तंबू आपल्या भूमीवर, लाकूड आपल्या रानातलं, आणि आपल्या मुलांना मात्र आत प्रवेश नाही. मग आपल्या माणसांनी आपापले रस्ते काढले. मध्य प्रांतात विवियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले, त्यांचं नाव या कामात घेतलं जातं. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांची वेगळी संघटना काढली, टोपीऐवजी फेटा दिला. १९१८ मध्ये अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने सेवा समितीची स्काउट संघटना उभी राहिली. या कुंझरूंचा पुण्याशी जवळचा संबंध. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य आणि पुढे अनेक वर्षं अध्यक्ष होते. सेवा समितीच्या नावातच सेवा आहे. मेळ्यांत, यात्रांत चुकलेल्यांना पोहोचवणं, तहानलेल्यांना पाणी देणं, गर्दी आवरणं ही तिची कामं. म्हणजे इथल्या मुलांनी केवळ स्वतःची सोय करायला न शिकता दुसऱ्याची सोय करायला शिकावं, असा अर्थ आपल्या लोकांनी स्काउटिंगला दिला. साहेबाच्या तंबूपासून इथवर आपण बरोबर उलट्या टोकाला आलो. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला या वेगवेगळ्या संघटना एक होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची गाइड संघटनाही तिच्यात आली.

मी त्या संघटनेच्याच वयाची. १९६४ च्या डिसेंबरात, तेरा वर्षांची असताना, माझं पहिलं शिबिर झालं. सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणज्याच्या अलीकडे. भात कापून झाला होता, खाचरं मोकळी होती. कॅनव्हासचे जड तंबू, एकेका तंबूत आठ मुली. सामान म्हणजे वळकटी, ताट-वाटी, पितळी पेला आणि संघात मिळून एक कंदील. विहिरीचं पाणी. लांब कडेला चर खणून भोवती तट्ट्या लावलेल्या, ते संडास. आम्ही काठ्या आणि सुतळी घेऊन भांड्यांची मांडणी केली, चपला ठेवायचं फडताळ केलं, कंदील टांगायला तिकाटणं केलं. क्लोव्ह हिच सुटली की सगळी मांडणी भांड्यांसकट खाली! बिनभांड्याचा स्वयंपाक हाही एक विषय होता. निखाऱ्यात वांगी, मातीत लपेटून भाजलेले बटाटे, पळसाच्या पानांत थापून भाजलेली पानगी. पोटात किती गेलं आणि तोंडाला राख किती लागली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

माझ्या संघात एक मुलगी होती, तिचं नाव लिहीत नाही. तिचं घर नारायण पेठेत नदीकडच्या बाजूला होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फोडलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचं बिऱ्हाड उंचावर होतं, आम्ही वाचलो. तिचं घर गेलं. मग पूरग्रस्तांसाठी निस्सेन हट उभारल्या गेल्या, त्यातल्या एकीत ती माणसं राहायला गेली. आजच्या मुलांनी या हट पाहिलेल्या नसतील. पत्र्याचं मोठं पिंप मधोमध उभं चिरून जमिनीवर पालथं घालावं, तशी ती खोली. पहिल्या महायुद्धात पीटर निस्सेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने शिपायांसाठी हा आकार शोधून काढला. शिपायांनी चार महिने राहावं म्हणून केलेल्या घरात पुण्यातल्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं काढली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि पावसात त्याचा आवाज इतका की आत बोललेलं ऐकू येत नसे. हाही एक ‘कँप’च, नाही का? फक्त त्याला समारोपाचा दिवस नव्हता.

शिबिरात पहिल्या रात्री आम्ही सगळ्या थंडीने कुडकुडत जाग्या आणि ही गाढ झोपलेली. सकाळी कळलं, तिने जवळच्या शेतकऱ्याकडून मागून आणलेला पेंढा सतरंजीखाली पसरला होता आणि चुलीजवळ तापलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी घेतली होती. दुसऱ्या रात्री सगळा संघ पेंढ्यावर! ओल्या लाकडाने चूल कशी पेटवायची, तीन दगड कसे बसवायचे म्हणजे वारा लागत नाही, पाणी सांडू न देता एका बादलीत आठ ताटं कशी विसळायची, हे आम्हाला शिकायचं होतं आणि तिला ते घरूनच येत होतं. बेडन पॉवेल ज्याला मुरलेला माणूस म्हणतात, ती आमच्यातली तीच.

शेवटच्या रात्री शेकोटीभोवती बाईंनी प्रत्येकीला विचारलं, काय आवडलं. आम्ही ठरलेली उत्तरं दिली : चांदणं, गाणी, गडावरची चढण. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “मला पण मजा आली बाई. पण उद्या घरी जायचंय हे माहीत असतं ना, म्हणून मजा येते.” बाई काही बोलल्या नाहीत. वाकून त्यांनी शेकोटीत एक लाकूड सारलं.

त्या वाक्याने मला जे शिकवलं ते नंतर कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नाही. खडतरपणाची गंमत त्याच्या शेवटच्या तारखेत असते. ज्याच्या घरी गादी आहे त्याला पेंढा ही मौज, आणि ज्याच्या घरी पेंढाच आहे त्याला तो पेंढा. म्हणून ‘पूर्वीची मुलं काटक होती’ असं कोणी म्हणालं की मी विचारते, कोणाची मुलं?

मुलींच्या बाबतीत तर ही खडतर-सोयीची तराजू आणखीच उलटी फिरते. मुलगे शिबिरातून परत आले की भात केल्याचं पराक्रमासारखं सांगतात आणि आया कौतुकाने ऐकतात. आमच्या वेळच्या मुलींना चुलीचं काय अप्रूप! त्या घरी रोज चुलीपुढे किंवा स्टोव्हपुढे बसतच होत्या. अप्रूप होतं ते पाळ्यांचं. एका संघाने स्वयंपाक, दुसऱ्याने पाणी, तिसऱ्याने लाकडं, चौथ्याने साफसफाई, आणि दुसऱ्या दिवशी सगळं फिरायचं. ज्या दिवशी लाकडांची पाळी, त्या दिवशी आपण ताटावर नुसतं जाऊन बसायचं आणि कोणीतरी गरम वाढायचं. माझी आई उभ्या आयुष्यात सगळ्यांच्या आधी जेवायला बसलेली मी पाहिली नाही. मी मात्र तेराव्या वर्षी माळावर, दगडावर बसून, पहिल्या पंगतीला जेवले. एवढी चैन मला नंतर कुठल्या हॉटेलातही वाटली नाही.

चैन म्हटली की पुण्याच्या ‘संगम’ची आठवण येते. गर्ल गाइड्सची जगात मोजकी जागतिक केंद्रं झाली. स्वित्झर्लंडमध्ये, लंडनमध्ये, मेक्सिकोत आणि आपल्या पुण्यात. आळंदी रस्त्यावरच्या या केंद्राचं उद्घाटन १६ ऑक्टोबर १९६६ ला खुद्द लेडी ओलेव्ह बेडन पॉवेल यांनी केलं. व्यवस्थित खोल्या, बाग, पोहण्याचा तलाव. शिक्षिका झाल्यावर एकदा माझ्या मुलींना घेऊन मी तिथे गेले होते. युरोपातून आलेली एक गाइड मला सांगत होती की तिची कंपनी दरवर्षी आठवडाभर जंगलात तंबूत राहते, इथे खोलीत झोपताना तिला शिबिरात आल्यासारखं वाटत नाही. त्याच वेळी माझ्याबरोबरची एक मुलगी नळ उघडून-मिटून पाहत होती. वाड्यात चौदा बिऱ्हाडांना एक नळ असलेल्या घरातली ती. दोघी एकाच छपराखाली. एकीला ते फार सोयीचं म्हणून शिबिर वाटेना, आणि दुसरीला त्यापेक्षा मोठं साहस माहीत नव्हतं.

पण याचा अर्थ गैरसोय चालवून घ्यावी असा कोणी काढू नये. साधेपणाच्या नावाखाली हयगय केलेली मी पाहिली आहे. एका मेळाव्यात, कुठल्या ते सांगण्यात अर्थ नाही, शेकडो मुली आणि संडास अगदी मोजके, त्यांनाही धड कड्या नव्हत्या. मुलींनी काय करावं? त्यांनी पाणी पिणं सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कवायतीत एक भोवळ येऊन पडली. ‘स्काउट-गाइडने थोडं सहन करायला शिकलं पाहिजे’ असं एक जण म्हणाला. म्हणणारा पुरुष होता हे सांगायला नकोच. सतरंजीवर झोपणं हा साधेपणा आहे. स्वच्छ पाणी आणि कडी असलेला संडास नसणं याला साधेपणा म्हणत नाहीत.

ही चूक श्रीमंत देशांतही होते. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियात सेमानगम इथे जागतिक जांबोरी भरली. समुद्र हटवून केलेली सपाट जमीन, सावलीला झाड नाही, पाण्याचा निचरा नाही, वरून कडक उष्म्याची लाट. चाळीस हजारांहून अधिक मुलंमुली जमलेली, आणि शेकडो आजारी पडली. संडासांच्या अस्वच्छतेच्या तक्रारी आल्या. सर्वांत मोठं पथक ब्रिटनचं, चार हजारांवर मुलांचं. ते तळ सोडून राजधानीतल्या हॉटेलांत गेलं. अमेरिकेचं पथक आपल्या लष्करी तळावर गेलं. मग वादळ येणार म्हणून उरलेल्या सगळ्यांनाच हलवलं. मुलांनी हॉटेलात जाणं हा नाजूकपणा असं काही जुन्या लोकांना वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. मुलं गाठी मारू शकतात, चूल पेटवू शकतात. जमिनीला उतार देणं, सावलीची जागा निवडणं, हे मोठ्यांचं काम. ते मोठ्यांनी केलं नाही तर मुलांच्या काटकपणाची परीक्षा घेण्यात काय अर्थ?

दुसऱ्या टोकाची शिबिरंही मी पाहिली. आमच्या शेवटच्या काही वर्षांत शहराजवळच्या एका तयार जागी मुलींना नेण्याची पद्धत पडली. तंबू आधीच उभे, आत खाटा, वर पंखा. जेवण केटररचं. शेकोटी पेटवायला माणूस, आणि ती विझवायलाही तोच. कोणी आजारी पडलं नाही, कोणाची तक्रार आली नाही. परत येताना बसमध्ये मी एका मुलीला विचारलं, “काय केलंस ग?” तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “केलं असं काही नाही, पण छान होतं.” कलेक्टरसाहेबांचा तंबू पुन्हा एकदा उभा राहिला होता. फरक इतकाच, की या वेळी साहेब बारा वर्षांचे होते.

म्हणून आता कोणी विचारलं की शिबिर कसं असावं, तर मी सांगते : पाणी, संडास, औषधं आणि निवाऱ्याची जागा यांत काडीची कसर नको. त्यापलीकडची जी सोय असेल ती मुलांनी आपल्या हाताने करावी. गादी हवी ना? जरूर असू दे, पेंढा पलीकडे आहे. चहा हवा? लाकडं आण. भांडी घासायला बाई ठेवली की शिबिर संपलं, मग उरते ती सहल. सहलीला माझी हरकत नाही, फक्त तिला शिबिर म्हणू नये.

आणि एक शेवटचं, ज्याच्यासाठी ते ब्राउनसीचे दोन आकडे लक्षात ठेवायला सांगितले होते. सोयी वाढल्या की फी वाढते. केटरर, खाटा, पंखे यांचे पैसे कोणीतरी भरतंच. आमच्या डोणज्याच्या शिबिराला रोख फी फार थोडी होती, बाकी शिधा घरून आणायचा होता : तांदूळ, डाळ, गूळ, थोडं तेल. पहिल्या दिवशी बाईंनी काय केलं, तर ट्रकमधून उतरल्या उतरल्या, कोणाची पिशवी कोणी पाहण्याच्या आत, सगळ्यांचे तांदूळ एका पोत्यात आणि डाळ दुसऱ्या पोत्यात ओतायला लावली. मी ते शिस्तीचा भाग समजत होते. पुढे स्वतः कॅप्टन झाले आणि मुलींच्या पिशव्या हातात घेऊ लागले तेव्हा कळलं. काही पिशव्या फार हलक्या असतात.

मीही मग तेच करत आले. ‘खरी कमाई’त मुलींनी आकाशकंदील आणि उटण्याच्या पुड्या विकून मिळवलेले पैसेही त्याच पोत्यात, म्हणजे एकाच खात्यात. त्यातून कोणाची फी भरली हे कोणालाच कळायचं नाही. त्या शिबिरांत खाटा नव्हत्या, पंखे नव्हते. पण हलकी पिशवी आणणाऱ्या मुलीला मान खाली घालावी लागली नाही, एवढी एक सोय आम्ही करून ठेवली होती. ती नसेल तर बाकीच्या सोयी कितीही असोत, ज्या मुलीला त्या शिबिराची सगळ्यांत जास्त गरज, ती बसमध्ये चढलेलीच नसते.